नव्या लॅपटॉपचे गुण आणि किरकोळ दोष

१२ जानेवारी २०२५, रविवार. हिंगोली.

लॅपटॉप घेतला. किंमत इथे लिहीत नाही. ही वही बायकोच्या, साधनाच्या, हाती लागू शकते. तिला सांगितलेली किंमत खोटी नाही, फक्त अपुरी आहे.

साधा लॅपटॉप नाही. वेबवर चालणारा, आणि त्यातलाही प्रीमियम. याच्या पोटात काही भरून ठेवायचं नसतं. सगळं इंटरनेटवर राहतं. दुकानदार म्हणाला, "सर, असा पीस हिंगोलीत कोणी नेला न्हाई अजून." मी विचारलं, काहून? तो म्हणाला, "मागतच न्हाई कोणी." म्हणजे मी पहिला.

माझे साडू जळबा यांनी दिवाळीत सासऱ्यांपुढे आपला लॅपटॉप उघडून हळदीचे भाव दाखवले होते आणि सासरे "वा रे गड्या" म्हणाले होते. त्या प्रसंगाशी या खरेदीचा काही संबंध नाही.

१३ जानेवारी

कॉलेजात नेला. प्राचार्यांनी स्टाफरूममधून जाता जाता विचारलं, "काय बालाजी सर, कसा आहे नवीन?" ही लेखी अहवालाची मागणी आहे. प्राचार्य थेट बोलत नाहीत. इतिहासाच्या प्राध्यापकाने पुराव्याशिवाय मत देऊ नये. तेव्हा महिनाभर वापरायचा, दोन्ही बाजू तोलायच्या, निःपक्षपाती अहवाल द्यायचा. अहवाल लॅपटॉपवरच. रोजनिशी मात्र कागदावर, गोपनीयतेसाठी.

गुण. झाकण उघडलं की चालू. घरातला जुना कॉम्प्युटर चालू होईपर्यंत माझी दाढी व्हायची. आज दाढीला वेळच मिळाला नाही. तसाच गेलो.

दोष. अजून नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी तिळगूळ द्यायला शेजारपाजारचे येणार म्हणून लॅपटॉप दिवाणखान्यात टीपॉयवर उघडा ठेवला, सहज. कोणी विचारलं नाही. समोरच्या काकूंनी त्यात बघून केस नीट केले. स्क्रीन फार चकचकीत आहे. गुण धरला.

साधना म्हणाली, वाटीला जागा नाही, उचला ते.

१८ जानेवारी

माझा ग्रंथ "मराठवाड्यातील बारवा" जुन्या कॉम्प्युटरमधून इकडे आणला. उघडला तर एकही मराठी अक्षर नाही. नुसते कंस, टक्के आणि इंग्रजी बाराखडी. आमचे कॉम्प्युटरचे प्रज्ञेश सर म्हणाले, "सर, तुमचा फॉन्ट जुना हाय. त्याचं सॉफ्टवेअर ह्याच्यावर बसत न्हाई. हे वेबवालं मशीन. आपलं आपलं काही बसवायचं म्हणलं की तकलीफ."

आधी वाईट वाटलं. मग विचार केला. ग्रंथ पंधरा वर्षं अपुरा आहे आणि आजवर त्याला काही कारण नव्हतं. आता तांत्रिक कारण आहे.

गुणांत लिहावं की दोषांत? तूर्त समासात लिहिलं.

२२ जानेवारी

कॉलेजच्या प्रिंटरला हा लॅपटॉप दिसत नाही. प्रिंटर जुना आहे. जुन्या माणसांना नवं दिसत नाहीच. प्रश्नपत्रिका ईमेल करून झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणली. दुकानात आमच्याच वर्गातली पोरं उभी होती. पेपर उद्या बदलावा लागेल.

बॅटरी मात्र दिवसभर टिकते. दिवसभर बंदच होता, तरीही.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून सासुरवाडीला. गोरेगावपर्यंत बस, पुढे जीप. लॅपटॉप मांडीवर. इतका हलका की एकदा खिडकीतून गेला की काय असं वाटून बॅग उघडून बघितली.

मामा, म्हणजे सासरे उकंडराव, फेब्रुवारीत पंच्याहत्तर पूर्ण करतात. एसटीत ड्रायव्हर होते. सत्कार करायचा हे मेहुणी मिना आणि जळबा यांनी आधीच ठरवून टाकलेलं. जेवण जळबांकडे, मंडप जळबांकडे, लाउडस्पीकर जळबांकडे. मी थोरला जावई. माझ्याकडे काय, तर हार.

मी तिथल्या तिथे घोषणा केली. मामांच्या जीवनावर भव्य प्रेझेंटेशन. ग्रामपंचायतीच्या सभागृहात, पडद्यावर. फोटो, माहिती, पार्श्वसंगीत.

मामा म्हणाले, "काहून? मी काय मेलो व्हय?"

त्यांना भावना आवरत नव्हत्या.

जळबा म्हणाले, "करा करा, साडूभाऊ, भारी होईल." आवाजात मत्सर स्पष्ट.

मामींनी, म्हणजे सासूबाई नर्मदाबाईंनी, ट्रंकेतून अल्बम काढला. घरी न्यायला मात्र देईनात. म्हणाल्या, हितंच काढा फोटोचे फोटो. मी मोबाइलवर काढले. मग क्लाउड समजावून सांगितला, की हे फोटो आता कायमचे सुरक्षित. त्यांनी विचारलं, "मंग ते ऱ्हातेत कुनाच्या घरी?" मी म्हणालो, सिंगापूरला असतील किंवा अमेरिकेत, नक्की सांगता येत नाही. त्यांनी अल्बम ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं.

गावात नेटवर्क जवळजवळ नाही. फोटो हिंगोलीत आल्यावर वर चढवले. हा गावाचा दोष, लॅपटॉपचा नव्हे. अहवालात नोंद नाही.

१ फेब्रुवारी

प्रेझेंटेशनला प्रारंभ. शीर्षक: "श्री. उकंडराव: एक प्रवास". खाली, संकल्पना, संशोधन व सादरीकरण: प्रा. बालाजी. माझी ओळ जरा मोठी दिसते. ती लांब आहे म्हणून.

फोटोंची निवड कठीण. मामांचे तरुणपणाचे फोटो काळे-पांढरे, डागाळलेले. आमच्या लग्नापासूनचे रंगीत. प्रीमियम स्क्रीनला रंगीतच शोभतात. त्यामुळे लग्न, त्यात मी घोड्यावर, मी आणि मामा, मी आणि मामांचा बैल, असे जास्त घेतले. निकष निव्वळ तांत्रिक.

एसटीच्या नोकरीवर एक स्लाइड. फोटो नाही. "प्रदीर्घ व समाधानकारक सेवा" असं लिहिलं. साधना म्हणाली, दादांना (वडिलांना ती दादा म्हणते) फोन करून विचारा की काहीतरी, चांगल्या गोष्टी सांगतील. मी म्हटलं, ड्रायव्हरच्या नोकरीत सांगण्यासारखं काय असणार. गाडी नेली, गाडी आणली.

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला.

५ फेब्रुवारी

प्रज्ञेश सरांना प्रेझेंटेशन दाखवलं. त्यांनी सगळ्या स्लाइड दोनदा बघितल्या. मग म्हणाले, स्क्रीन लई भारी हाय, सर. मग विचारलं, गावात नेट आहे का? मी म्हटलं, आजच्या युगात हा प्रश्नच गैरलागू. ते म्हणाले, "तरी ऑफलाइनचं बटन दाबून ठेवा. हितंच एक कॉपी उतरते. नेट नसलं तरी चालतं. मीच देऊ का करून?"

मी म्हटलं, माझं मी करीन. बटन कुठे आहे ते विचारायचं राहिलं. घरी येऊन शोधलं. सापडलं. दाबून पाहायला अहवालाची फाइल घेतली. बरोब्बर उतरली. पद्धत समजली, तेव्हा प्रेझेंटेशनचं नंतर निवांत करता येईल.

साधना म्हणाली, फोटो पेनड्राइव्हमध्ये पण घ्या. मी हसलो. क्लाउडच्या जमान्यात पेनड्राइव्ह.

१० फेब्रुवारी

जळबांचा वसमतहून फोन. मंडपवाल्याला सांगितलं, आचाऱ्याला सांगितलं, तुमच्याकडं काय कमी-जास्त? आणि शेवटी, "माझा बी लॅपटॉप आनू का? आसू द्या बाजूला." मी नम्रपणे नकार दिला. त्यांचा लॅपटॉप विटेएवढा जाड. चालू झाला की गिरणीसारखा आवाज. उन्हाळ्यात मांडीवर घेता येत नाही. एकच कौतुक, की त्यात त्यांचं सगळं दुकान आहे आणि नेट लागत नाही. पण त्याला दिसणं म्हणून काही नाही.

उद्यापासून बारावीची परीक्षा. सुपरव्हिजन. ऑफलाइनचं बटन, वेळ मिळाला की.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कॉलेजचा प्रोजेक्टर प्राचार्यांच्या परवानगीने घेतला. प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला जात नाही. लॅपटॉपला फक्त बारीक छिद्रं आहेत. बाजारात तीन दुकानं फिरून जोडणी आणली. आता जोडणीला जोडणी. ते सगळं मिळून लॅपटॉपपेक्षा जड झालं.

अहवालाचा मसुदा मात्र पूर्ण. गुणांचं पान भरलं. सगळ्यात वर: "कुठेही, केव्हाही, अडथळ्याविना." दोष: "किरकोळ. वापरणाऱ्याच्या आकलनावर अवलंबून."

घाईत काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. बहुधा हार.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी, सासुरवाडी.

हार विसरलो नव्हतो.

सभागृह गच्च. जळबांनी बाहेर दोन भोंगे लावलेत, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असे. पडदा म्हणून मामींची पांढरी चादर. मामा नव्या धोतरात, फेटा बांधून, परीक्षेला बसल्यासारखे. मी प्रोजेक्टर जोडला. झाकण उघडलं. तात्काळ चालू. पुढच्या रांगेत कौतुकाची कुजबुज.

प्रेझेंटेशन उघडेना. गोल फिरतंय. "इंटरनेट नाही." मी मोबाइल वर धरला, खाली धरला, खिडकीबाहेर धरला. गोल फिरतंय.

एकच फाइल उघडते. अहवाल. ती उघडली गेली. मी उघडली नाही, बोट लागलं. टच स्क्रीन फार संवेदनशील आहे (गुण). चादरीवर हातभर अक्षरात: कुठेही, केव्हाही, अडथळ्याविना.

शाळेच्या गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी विचारलं, "हे माझ्याविषयी हाय का?"

जळबा जवळ आले. कानात म्हणाले, "साडूभाऊ, टाकीवर नेटवर्क येतं. पोरं तिथंच जातेत."

त्याच दिवशी, टाकीवर.

गावाची पाण्याची टाकी. लोखंडी जिना. लॅपटॉप हलका असल्याचा गुण आज खऱ्या अर्थाने कळला. विटेएवढा घेऊन चढून दाखवावं कोणी.

वर पोचलो. दोन काड्या नेटवर्क. मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं. प्रेझेंटेशन उतरायला लागलं. संथ, पण उतरतंय. एकदा उतरलं की खाली जाऊन धडाक्यात दाखवणार. तोपर्यंत भाषणं चालू राहतील, म्हणजे वेळ वाया जाणार नाही.

अडचण उन्हाची. चकचकीत स्क्रीनमध्ये फक्त मी दिसतो. किती उतरलं ते दिसत नाही. शर्ट काढून डोक्यावरून स्क्रीनवर घेतला. आत बसून लिहितोय. बाहेरून कसं दिसत असेल याचा विचार करत नाही.

भोंग्यावरून सगळं ऐकू येतंय. सरपंचांनी विचारलं, थोरले जावई कुठे? मिनाने माइकवर सांगितलं, "दाजी टाकीवर हायत." मोठा हशा. काही पोरं सभागृहाबाहेर येऊन वर बघून गेली.

थोड्या वेळाने, टाकीवरच.

जळबा वर आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ताट. वरण, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. पाळत ठेवायला आलेत हे उघड. छत्री स्क्रीनवर धरली. म्हणाले, शर्ट घाला, साडूभाऊ, ऊन लागंल.

शर्ट घातला, ऊन लागू नये म्हणून.

खाली साधनाचा आवाज आला, माइकवर. ती माइकवर कधी बोलत नाही. म्हणाली, फोटो यायला वेळ लागून राहिला, तवर आईचा अल्बम आणलाय, एकेकानं बघून पुढं द्या, आणि ज्याला जे आठवंल ते बोला. माझी परवानगी न घेता.

पहिला आवाज एका म्हातारीचा. नाव सांगितलं, नीलाबाई. भोंग्यात तिचा आवाज फाटत होता, पण शब्द कळत होते.

ती म्हणाली, "मी दिवसात होते. माहेराला चालले होते, सेनगावला. अर्ध्या वाटंत कळा सुरू. बाया ओरडायल्या. ह्यानं, ह्या उकंडभाऊनं, गाडी थांबिवली. मागं वळून म्हणला, गाडी आता सेनगावला जात न्हाई, सीदी हिंगोलीच्या दवाखान्यात जाते, ज्याला उतरायचं त्यानं उतरा. गाडीत लगनाचं वऱ्हाड होतं. नवरदेव बी होता. एक मानूस उतरला न्हाई."

कोणीतरी माइकशिवाय ओरडलं, "तो नवरदेव मीच!" हशा. नीलाबाई म्हणाली, व्हय, हाच तो, मुहूर्त गेला ह्याचा, पन तोंडातून शबुद काढला न्हाई.

मग म्हणाली, "दुसऱ्या दिशी साह्यबानं विचारलं, गाडी तिकडं कशी गेली. तर उकंडभाऊ म्हणले, रस्ता चुकलो. रोजच्या रस्त्यावर! रस्ता चुकला!" आणि तिने माइक पुढे दिला. दुसरा आवाज आला, म्हणाला, ती गाडीतली पोरगी मी, सपना. माझं लेकरू दहावीला हाय आता. काका, पाया पडते.

जळबा तोंड फिरवून डोळे पुसत होते. छत्री त्यांनीच धरली होती, तरी ऊन डोळ्यांत जात असावं. मलाही गेलं.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून नोंदवतो: हा मौखिक पुरावा आहे. यापूर्वी मला कोणी सांगितला नव्हता. मी विचारला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा.

त्यानंतर लोक थांबेनात. कोणाची हरवलेली शेळी टपावरून घरी आणली. कोणाचं लग्न ठरल्याचं पत्र पोचवलं. कोणा मास्तरला रोज वळणावर थांबून घेतलं, कारण मास्तर रोज उशिरा. गुरुजी म्हणाले, तो मास्तर मी. जळबा ऐकत होते आणि मधे मधे मला सांगत होते, "माझं बी हाय एक, साडूभाऊ. मिनाला बघायला आलो तवा ह्याच गाडीनं आलो. मामानं मला वळकलं न्हाई. तिकिटाचे सुट्टे नव्हते म्हणून कंडक्टर उतरवून देत होता. मामा म्हणले, बसू दे, पोरगं चांगलं दिसतं."

मी म्हणालो, खाली जाऊन सांगा की. म्हणाले, न्हाई, तुमी एकटे बसाल.

दुपारी

उतरलं. पूर्ण. छत्रीखाली पहिली स्लाइड झळकली. जळबा वाकून बघत होते. म्हणाले, "साडूभाऊ, हे नाव तुमचं हाय का मामाचं?" मी सांगितलं, दोघांचं आहे, मामांचं वर आहे. ते म्हणाले, व्हय, आता दिसलं.

खाली आलो तेव्हा आचारी भांडी घासत होता. चादर काढून मामींनी घडी केली होती. मामा बाजेवर बसले होते, भोवती माणसं. मला बघून जागा करून दिली. म्हणाले, "जेवलात का, जावईबापू?" एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

जीपमध्ये साधना खिडकीशी बसली. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता. हातात अल्बममधला एक फोटो. ड्रायव्हरच्या गणवेशातला तरुण माणूस, एसटीच्या दारात, एक पाय पायरीवर. मी विचारलं, हा माझ्या प्रेझेंटेशनमध्ये का नव्हता? ती म्हणाली, तुमी म्हणालात डागाळलाय.

१८ फेब्रुवारी

अहवालात एक ओळ वाढवली. "ज्या ठिकाणी नेटवर्क नाही तिथे उंचीची गरज भासते." प्रज्ञेश सरांनी वाचली. लॅपटॉप हातात घेतला, ऑफलाइनचं बटन दाबलं आणि परत दिला. एका क्षणाचं काम. हे त्यांनी आधीच दाबून द्यायला हवं होतं.

प्राचार्य भेटले. अहवाल तयार आहे म्हणालो. ते म्हणाले, कसला?

२३ फेब्रुवारी, रविवार

मामा हिंगोलीत, डोळे तपासायला. मामी नाहीत, एकटेच आले, बसने. नंबर वाढलाय, बाकी ठीक. जेवण झाल्यावर स्वतःहून म्हणाले, "ते टाकीवरलं दावा की."

घरी नेट उत्तम. लॅपटॉप टेबलावर. मामा खुर्चीत, नवा चष्मा अजून यायचा म्हणून स्क्रीनला नाक लावून. साधना मागे उभी. दाखवलं.

मी घोड्यावर. मी आणि मामा. मी आणि मामांचा बैल. मी, पदवी समारंभात. (याचा संदर्भ असा, की मामांना जावई शिकलेला हवा होता.) मामा प्रत्येक स्लाइडला "हां" म्हणत होते. बैलाला मात्र थांबवलं. बैलाचं नाव सांगितलं, राजा. लई गुणी होता म्हणाले. मग शेवटची स्लाइड, आभार.

ते म्हणाले, "चांगलं केलंय. तुमच्या पंच्याहत्तरीला परत लावता यील."

साधना स्वयंपाकघरात निघून गेली. या वेळी भांड्यांचा आवाज आला नाही. हसण्याचा आला.

मग मामा म्हणाले, "ह्याच्यात जुनी एसटी दिसंल का? ती पुढून नाकवाली. आमी सुरवातीला चालिवली ती."

शोधली. लगेच आली. एक नाही, कितीतरी. लाल, पिवळ्या पट्ट्याची, धुळीने भरलेली, कुठल्या कुठल्या स्टँडवर उभी असलेली. फोटो, व्हिडिओ. कोणीतरी तसलं इंजिन सुरू करून आवाज टाकलाय. या लॅपटॉपचे स्पीकर अप्रतिम आहेत. इंजिनाचा आवाज घरभर घुमला आणि मामा ताठ बसले. डावा पाय जमिनीवर दाबला गेला, डावा हात बाजूला गेला, जिथे काही नव्हतं. म्हणाले, "दुसरा गेर आडकायचा हिचा. आसा, वर उचलून टाकावा लागायचा." आणि टाकून दाखवला.

त्यांना बोटाने सरकवायचं शिकवलं. एकदाच सांगावं लागलं. साधना पदराला हात पुसत बाहेर आली ती तिथेच बसली. दोघं संध्याकाळपर्यंत बघत होते. मामा सांगत होते कोणत्या घाटात रेडिएटर तापायचा, ओढ्यातून पाणी कशात आणायचे, कंडक्टर कोण होता. साधना विचारत होती. मीही एक-दोन प्रश्न विचारले. नीलाबाईचं विचारलं. ते म्हणाले, "काय न्हाई, रस्ता चुकलो होतो."

नेट एकदाही गेलं नाही. स्क्रीन एकदाही अडकली नाही. चार्जिंगची आठवण झाली नाही. अहवालातले सगळे गुण एका दुपारी सिद्ध झाले. माझ्या आनंदाला पारावार नव्हता, असं लिहायला हरकत नाही.

शेवटच्या बसला निघताना मामांनी झाकण स्वतः मिटलं, हलक्या हाताने, आणि वरून तळवा फिरवला.

म्हणाले, "मशीन लई चांगली हाय, जावईबापू. खोटं न्हाई बोलत. तुमी काय करता हिच्यावर?"

मी म्हणालो, बसची वेळ झाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सुपरव्हिजन नव्हतं. दिवसभर मोकळा. सकाळी लॅपटॉप उघडला. तात्काळ चालू झाला.

थोडा वेळ बघत बसलो. मिटला.

दाढी केली.